मुरवलेले हात

त्या घरात चूल पेटायच्या आधी भांडण पेटायचं. आज निमित्त साबणाचं झालं. मागच्या अंगणातल्या नळावर सून आपल्या लेकीचे हात कोपरापर्यंत साबणाने घासत होती आणि सासू दारात उभी राहून बघत होती.

“भांडं आहे का ते, एवढं घासायला?” सासू म्हणाली.

“हात आहेत. म्हणूनच घासते.”

“घास. सोलून काढ. पुढच्या आठवड्यात हौदात घालायचेत. झोंबायला लागले की आईच्या नावाने रडेल, माझ्या नाही.”

“ते हात हौदात जाणार नाहीत.”

सून हे शांतपणे म्हणाली, आणि सासूच्या अंगाचा तिळपापड झाला तो त्या शांतपणामुळेच. ज्या मुलीच्या हातांवरून हे चाललं होतं, तिला नुकतंच नववं लागलं होतं. एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून घरीदारी सगळे तिला खारूताई म्हणत. आईने नळ बंद करताच ती ओले हात फ्रॉकला पुसत पळाली. भांडण रोजचंच होतं, त्यामुळे तिने ते मनावर घेतलं नाही.

हे हातांचं प्रकरण समजायचं तर आधी त्या गल्लीचा धंदा सांगायला हवा. वस्तीच्या टोकाला चिरुटांचा एक मोठा कारखाना होता. तिथे तंबाखूची पानं निवडून कापली, की उरायचे देठ, जाड शिरा, चुरा आणि जमिनीवरून झाडून काढलेली भुकटी. फेकून देण्याच्या लायकीचा तो माल पोत्यांत भरून या गल्लीत यायचा. घरोघरी मागच्या बाजूला सिमेंटचा हौद. त्यात तो माल भिजवायचा, तपकिरी अर्क काढून कढईत आटवायचा, उरलेला चोथा केळीच्या खोडाच्या तंतूंबरोबर कुटून त्याचा लगदा करायचा. तो लगदा पुन्हा हौदात ढवळायचा, बारीक जाळीची चौकट बुडवायची आणि अलगद वर उचलायची. पाणी गळून जायचं आणि जाळीवर सायीसारखा थर राहायचा. तो कापडावर उलटायचा, दाबायचा, वाळवायचा आणि शेवटी आटवलेला अर्क ब्रशने त्यालाच पाजायचा. झालं कागदी पान तयार. दिसायला कागद, वासाला तंबाखू. तेच कारखान्यात परत जाऊन स्वस्त चिरुटांवर गुंडाळलं जायचं, आणि ओढणाऱ्याला वाटायचं आपण अस्सल पान ओढतोय.

कुटणं, दाबणं आणि विकणं पुरुषांकडे होतं. चौकट बुडवणं बायकांकडे, म्हणजे दिवसभर कोपरापर्यंत हात त्या पाण्यात. पुरुषाचा हात जड, त्याच्याकडून पान जाड येतं, असं गल्लीतले पुरुष सांगत. रबरी हातमोजे घातले तर बोटांना लगद्याचा अंदाज येत नाही, हेही तेच सांगत. त्यांच्यातल्या एकानेही हौदात कधी बोट बुडवलं नव्हतं, पण अंदाज मात्र सगळ्यांचा पक्का होता.

तंबाखूचं पाणी कातडीतून अंगात उतरतं. नव्या हाताला ते सोसत नाही. डोकं गरगरतं, तोंडाला पाणी सुटतं, पोटातलं सगळं बाहेर येतं. म्हणून गल्लीत मुलीला नववं लागलं की तिचे हात ‘मुरवायला’ घेत. पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग रोज थोडा जास्त. पोरगी ओकायची, पांढरीफटक पडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला हौदाशी उभी करायचे. ओकणं थांबलं की हात मुरला म्हणायचं आणि शेजारपाजारच्या बायकांना चहाला बोलवायचं.

हात मुरलेला नसेल तर स्थळ मिळत नसे. मुलगी बघायला आलेली माणसं तिच्या नाकाडोळ्यांकडे ढुंकूनही बघत नसत. मुलीने हौदात हात घालून उभं राहायचं आणि पाहुण्यांनी चहा घ्यायचा. तेवढ्या वेळात पारखीण तिचं मनगट धरून नाडी बघायची. मुलगी डगमगली तर पारखीण काही बोलत नसे, नुसतं मनगट सोडून द्यायची. मग पाहुणे कप तसेच भरलेले ठेवून उठत. ती उष्टीही न झालेली कपबशी मुलीच्या आईने विसळायची.

या घरातली सासू म्हणजे गल्लीची पारखीण. तिचं नाव बहुतेक जण विसरलेही होते. तिच्या शब्दाने लग्नं जमत आणि मोडत, आणि ती ही गोष्ट कोणाला विसरू देत नसे.

मुरलेल्या हाताची आणखी एक खूण गल्लीत मोठ्या कौतुकाने सांगितली जाई. अशी सून माहेरी टिकत नाही. एक रात्र राहते, दुसऱ्या दिवशी तिचा जीव कासावीस होतो, डोकं चढतं, हात थरथरतात, कोणाचं बोलणं सोसवत नाही आणि ती सासरची वाट धरते. याला म्हणायचं सासरची ओढ. आणि माहेरची माया अशी, की आलेल्या लेकीला हौदात बोटसुद्धा बुडवू द्यायचं नाही. चार दिवस तरी हाताला आराम मिळू दे बिचारीच्या, असं प्रत्येक आई म्हणायची. चार दिवस मात्र कोणतीच लेक राहिली नव्हती.

पारखिणीची लेकही अशीच. दोन गल्ल्या पलीकडे, तशाच हौदाच्या घरात दिलेली. येताना हसत यायची आणि जाताना भांडून जायची. भाजीत मीठ कमी पडलं, उशी टणक आहे, आई फार प्रश्न विचारते, काहीही कारण पुरे. पारखीण चारचौघांत म्हणायची, “आमची लेक सासरी रमली हो.” आणि लेक गेल्यावर तिने न वापरलेला टॉवेल घडी करून पुन्हा कपाटात ठेवायची. तेव्हा तिचा चेहरा बघायला कोणी नसायचं.

आता सुनेचं. सून गल्लीतल्या सगळ्यांत सुबक पानं उचलणारी. सासूनेच पारखून आणलेली. पण गेल्या वर्षापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता, आणि त्याला कारण पाळण्यातलं एक बाळ होतं. खारूताईच्या पाठचा भाऊ, जन्मला तोच मुठीएवढा. फार रडायचा. गल्लीत रडणाऱ्या बाळाला आईचं बोट चोखायला देत. हौदावरून आलेल्या आईचं बोट तोंडात गेलं की बाळ गप्प होतंच होतं. त्या दिवशीही तो रडत होता, पान वाळवणीवर होतं, आणि सासू स्वयंपाकघरातून ओरडली होती, “बोट दे गं त्याला, डोकं उठलं माझं!” सुनेने बोट दिलं. बाळ गप्प झालं. मग त्याच्या ओठांच्या कडेने फेस आला, अंग थंड पडलं, आणि ते गप्पच राहिलं.

सासू म्हणाली, “बाळं जातात. माझीही गेली.” गल्लीही तेच म्हणाली. तेव्हापासून सून आपला उजवा हात जेवतानाही निरखून बघायची.

साबणावरून भांडण झालं त्या सकाळी चहा झाल्यावर सुनेने जाळीची चौकट उचलली, धुतली आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

“लेकीचं सोडा,” ती म्हणाली. “आजपासून माझेही हात हौदात जाणार नाहीत.”

“मग खाणार काय? हवा?” सासूने विचारलं.

“ह्यांचे हात आहेत ना दोन.”

‘ह्यांचे’ म्हणजे तिच्या नवऱ्याचे. तो दारातून सटकायच्या बेतात होता. स्वभावाने बिचारा वाईट नव्हता. आई बोलत असताना आईचं पटायचं आणि बायको बोलत असताना बायकोचं, एवढीच त्याची अडचण. पण लगदा तयार होता आणि राहिला असता तर आंबला असता. आई हट्टाने सोप्यात बसून राहिली आणि बायको हट्टाने खोलीत. शेवटी तो गडी बाह्या वर करून हौदाशी उभा राहिला.

त्याच्या हातची पानं पातळ आणि एकसारखी आली. बापजन्मात कोणी पुरुषाच्या हातची पानं पाहिली नव्हती, त्यामुळे शेजारपाजारचे गडी कुंपणावरून माना उंच करून बघायला लागले. पण दुपारच्या जेवणाआधीच तो गुडघ्यांवर आला आणि हौदाच्या कठड्याला धरून आतडी पिळवटून ओकला. खारूताई पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

“बाबा, तुम्ही मुरले नाहीत ना, म्हणून,” ती समजुतीने म्हणाली. “उद्या पुन्हा घाला हात. मग होईल सवय. आजी सांगते.”

तो पोरीकडे बघत राहिला. मग त्याने चूळ भरली आणि दुसऱ्या दिवशी हौदाकडे फिरकलाच नाही. त्यामुळे सासूलाच पदर खोचून हौदावर उभं राहावं लागलं. पारखीण झाल्यापासून ती दिवसातून थोडा वेळच हात घालायची, आता पुन्हा सकाळ-संध्याकाळ. तोंडाचा पट्टा मात्र चालूच.

“महाराणी बसल्यात! खोलीत पंखा लावून बसल्यात! आणि म्हातारी मरतेय इथे!”

महाराणींची अवस्था पंख्याखाली बसण्याजोगी नव्हती. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं फुटायला आलं. बोटं थरथरत होती, तिला सुईत दोरा ओवता येईना. खारूताईने गाणं म्हटलं म्हणून तिने पोरीवर हात उगारला आणि लगेच तोच हात तोंडावर दाबून रडली. जेवणाचं ताट समोर आलं ते तिने भिरकावलं. सासू ते सांडलेलं गोळा करत होती, आणि तिला मनातून आनंदच झाला होता. हौदाची सवय अशी सुटते होय! उद्या झक मारत येईल.

संध्याकाळी ती सुनेच्या खोलीत गेली. आवाजात जरा मायाही होती, हे कबूल करायला हवं.

“कशाला जीव काढतेस? एकदा जाऊन हात बुडवून ये. लगेच बरं वाटेल.”

“तेच तर,” सून भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “लगेच बरं वाटेल.”

“मग?”

“मग काही नाही. जा तुम्ही.”

शेजारणींना ही बातमी कळायला वेळ लागला नाही. पलीकडच्या घरातल्या बाईला गल्ली कात्री म्हणायची, कारण तिची जीभ दोन्ही बाजूंनी चालायची. ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, “काय हो पारखीणबाई, गल्लीभरच्या पोरींची नाडी बघता, आणि घरातली नाडी हाताला लागेना?” पुढच्या सुट्टीच्या दिवशी नातीचा हात हौदात घालणारच, आणि चहाही त्याच दिवशी, सगळ्यांनी या, एवढंच पारखीण मोठ्याने म्हणाली. आता माघार घेतली असती तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आणखी दोनतीन दिवस गेले. एका सकाळी सासू मागच्या अंगणात आली तर नळावर सून आणि खारूताई एकमेकींवर पाणी उडवत होत्या. सून हसत होती. तिचं हसणं ऐकून किती काळ लोटला होता, हे सासूला आठवेना. चेहऱ्यावर तकतकी आली होती. तिने पोळीचे दोन तुकडे जास्त खाल्ले, आणि दुपारी सुईत दोरा एका झटक्यात ओवला. बोट थरथरलं नाही.

सासूला हे चमत्कारिक वाटलं. तिच्या हिशेबाने सून एव्हाना हौदाच्या पाया पडायला हवी होती.

दाबलेली पानं सुटी करायचं काम दोघींना मिळून करावं लागायचं. एकीने कापड धरायचं, दुसरीने पान सोडवायचं. सून पानाला हात लावेना, म्हणून तिने कापड धरलं होतं.

“उतरलं वाटतं डोकं,” सासू म्हणाली.

“उतरलं. काल रात्री झोपलेही शांत.”

“आपोआप?”

“आपोआप. काही घेतलं नाही.” सुनेने कापड ताणून धरलं. “आई, एक विचारू? माहेरी गेलं की आपल्याला असंच होतं ना? डोकं चढतं, हात थरथरतात, समोरच्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं?”

“होतंच. सासरची ओढ ती.”

“मग मला कसली ओढ लागली होती? मी तर सासरीच होते. याच घरात, त्या खोलीत. सासू इथे, नवरा इथे, पोरगी इथे. फक्त हौदात हात नव्हता.”

सासूच्या हातातलं पान फाटलं. इतक्या वर्षांत तिच्या हातून पान फाटलं नव्हतं.

“फार शहाणी झालीस,” ती म्हणाली. “तोंड आवर आणि कापड नीट धर.”

सुनेने तोंड आवरलं. पण बोललेलं काही परत तोंडात जात नाही. पारखीण उरलेली पानं तशीच टाकून हौदाच्या कठड्यावर जाऊन बसली आणि तिच्या डोळ्यांसमोर तिची आई आली.

आई आजारी असल्याचा निरोप आला होता, तेव्हा ती स्वतः तरणी होती. धावतपळत गेली. आईच्या उशाशी बसली, तिचे केस विंचरले. आई म्हणाली, हौदाला हात लावू नकोस हं, आराम कर. दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं ठणकायला लागलं. आई सारखी पाणी मागायची. एकदा ती आईवर खेकसली, “किती वेळा पाणी मागशील? मेलं एवढं पाणी जातं कुठे?” आईने मग पाणी मागितलं नाही. सकाळी ती निघाली तेव्हा आई म्हणाली, “आजचा दिवस थांब.” ती म्हणाली, “माझा जीव घुसमटतो इथे.” आणि गेली. सासरी पोचल्या पोचल्या, पायही न धुता, तिने हौदात हात घातले, आणि तिला खरोखर बरं वाटलं. आई गेल्याचा निरोप मागोमाग आला. आई पाणी पाणी करत गेली, असं निरोप आणणारा म्हणाला.

तिच्या सासूने तेव्हा गल्लीला अभिमानाने सांगितलं होतं, “आईसाठीसुद्धा थांबली नाही. अशी सून हवी.” आणि तिने ते कौतुक पदरात घेतलं होतं, कारण दुसरं घेण्यासारखं काही नव्हतंच. मनात मात्र एकच गोष्ट वर्षानुवर्षं सलत होती, की आपलं काळीज दगडाचं आहे. आणखी दोनतीन दिवस कसेबसे काढले असते तर डोकं उतरलं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? तेवढे दिवस कोणी काढलेच नव्हते.

ती कठड्यावर बसून राहिली. सून दारातून बघत होती, पण जवळ आली नाही. एवढ्यात जवळ यावं, असं काही त्यांच्यात उरलं नव्हतं.

सुट्टीचा दिवस उजाडला. गल्लीतल्या बायका नटूनथटून मागच्या अंगणात जमल्या. सुनेने चहा करायला नकार दिला, म्हणून तो पारखिणीच्या मुलाने केला आणि तो भलताच गोड झाला. कप हातोहात फिरले. सून हौदासमोर उभी होती. कडेला कुटायचं मुसळ टेकवलेलं होतं, ते तिने हातात घेतलं.

“जो माझ्या पोरीला पुढे आणेल,” ती म्हणाली, “त्याचे हात मी मोडीन. कोणाचेही असोत.”

“अगंबाई, हे काय बोलणं!” कात्री म्हणाली. “पारखीणबाई, सून मुसळ घेऊन उभी आणि तुम्ही बघत बसणार?”

पारखिणीने खारूताईला जवळ ओढलं आणि तिचं मनगट धरलं. सवयीने तिची बोटं नाडीवर गेली. नाडी पाखरासारखी फडफडत होती. पोरगी हौदाकडे बघत नव्हती, आजीच्या तोंडाकडे बघत होती.

“आजी, मी ओकले तर रागवू नकोस हं,” ती हळूच म्हणाली.

पारखिणीने नातीचं मनगट सोडून दिलं. गल्लीला ती खूण माहीत होती, पण हौदात हात जाण्याआधीच पारखिणीने मनगट सोडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“मला एक सांगा,” पारखीण म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. “तुमची आई गेली, तेव्हा तिच्या उशाशी कोण होतं? तुमच्यातली जी होती तिने हात वर करावा.”

“हा काय प्रश्न झाला?” कात्री म्हणाली.

“तू कर वर. होतीस?”

कात्रीच्या जिभेला पहिल्यांदाच धार सापडेना. अंगणात एवढ्या बायका, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत तपकिरी, आणि एकही हात वर आला नाही. मग मागून एका वयस्क बाईने हात अर्धा उचलला.

“मी होते,” ती म्हणाली. “पण माझं माहेर याच गल्लीत, चार घरं सोडून. मधूनमधून मी येऊन आमच्या हौदावर काम करून जायचे. म्हणून जमलं.”

हे बोलता बोलताच ती थांबली. आपण काय बोललो, ते बहुधा तिला तेव्हा उमगलं. तिने हात खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत बसली.

“बघा,” पारखीण म्हणाली. “ओढ सासरची नव्हती, बायांनो. या घाणेरड्या पाण्याची होती. त्याच्यापायी मी माझ्या आईला तहानलेली टाकून आले. आणि माझ्या नातवाला—” तिने सुनेकडे बघितलंही नाही. “माझ्या नातवाला बोट दे म्हणून मीच ओरडले. माझ्या नातीचा हात यात जाणार नाही. आणि आजपासून मी कोणाच्या पोरीची नाडीही बघणार नाही.”

आता गल्लीने पारखिणीला डोक्यावर घेतलं असेल, असं वाटत असेल तर ती गल्ली तुम्हाला कळलीच नाही. “म्हातारीचं डोकं फिरलं,” एक म्हणाली. “आमच्या पोरी मुरवताना बरी जीभ लुळी पडली नव्हती!” दुसरी म्हणाली, आणि तिचं खोटं नव्हतं. पारखिणीने मान खाली घातली. “नातीला घरात ठेवून लोणचं घाला,” कात्रीला आता जीभ सापडली होती, “कोण करतंय तिला सून!” एकेक करून सगळ्यांनी कप खाली ठेवले. चहा तसाच भरलेला. पारखिणीने जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणात बघितलेले ते भरलेले कप आज तिच्या अंगणात रांगेने उरले. ती वयस्क बाई मात्र सगळ्यांत शेवटी उठली, आणि तिने आपला कप पिऊन संपवला.

सुनेने मुसळ जागेवर ठेवलं आणि कप गोळा करायला घेतले. पारखीण विसळायला बसली. दोघी एका नळावर, पण बोलणं नाही. माफी मागितली गेली नाही आणि दिलीही गेली नाही. ज्या गोष्टी परत येत नाहीत, त्यांच्यापुढे माफीचा काय पाड!

मुलाने बाजारातून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले. ते घालून तो स्वतः हौदाशी उभा राहिला. पानं पहिल्यासारखीच पातळ आली. कारखान्याच्या माणसाने उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता उचलली. गल्लीतले गडी कुंपणावरून हसत, त्याला बायल्या म्हणत. त्याने मनाला लावून घेतलं, पण हातमोजे काढले नाहीत.

त्यानंतर पारखिणीने लेकीला निरोप पाठवला. लेक आली, नेहमीसारखी हसत. पहिला दिवस गप्पांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ताट बाजूला सारलं.

“यात मीठच नाही. आणि किती गं प्रश्न विचारतेस! मी निघते.”

पारखीण उठली, दाराची कडी लावली आणि दारालाच पाठ लावून खाली बसली. लेक आली त्याच दिवशी तिनेही हौद सोडला होता. तिचंही डोकं घणाचे घाव घातल्यासारखं ठणकत होतं आणि हात मांडीवर थरथरत होते.

“आई, दार उघड.”

“नाही.”

“आई, मला घुसमटायला होतंय इथे!”

“ठाऊक आहे.”

“तुला काय ठाऊक आहे? दगड आहेस तू नुसती! उघड म्हणते ना! तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला!”

लेकीने तिला दंडाला धरून ओढलं. म्हातारी हलली नाही. खोलीच्या दारात सून येऊन उभी राहिली. तिने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग आत जाऊन तिने पाण्याने भरलेला तांब्या आणला आणि तो सासूच्या हाताशी ठेवला. एवढ्या काळात तिने सासूला आपणहून दिलेली ती पहिली गोष्ट होती.

पारखिणीने तांब्या दोन्ही थरथरत्या हातांनी उचलून लेकीपुढे धरला. पाणी हिंदकळून जमिनीवर सांडत होतं.

“पाणी पी,” ती म्हणाली. “कितीही वेळा माग. शिव्या दे, हवं तर मार. पण या वेळी तू इथेच राहायचंस.”